कोथरूडच्या सोसायटीतील सैल न्यूट्रल: घरातील व्होल्टेज मोजणीचे एक प्रकरण

पुण्यात कोथरूडमधील एका जुन्या, चार मजली सोसायटीत पावसाळ्याच्या दिवसांत हे प्रकरण घडले. इमारतीच्या जिन्याखाली मीटर रूम असून तेथे तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) आणि एक न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) अशा चार तारांचा पुरवठा येतो. प्रत्येक मजल्यावर तीन सदनिका आहेत आणि त्यांपैकी एक आर फेजवर, एक वाय फेजवर व एक बी फेजवर अशी विभागणी बांधकामाच्या वेळीच केलेली आहे. फेज वेगवेगळे असले तरी न्यूट्रल मात्र सर्वांचा एकच, मीटर रूममधील एका पट्टीवर एकत्र येणारा. पुढे जे झाले त्याचे मूळ या सामाईक न्यूट्रलमध्ये होते, परंतु सुरुवातीला ते कोणाच्याच लक्षात येण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या मजल्यावरील एका कुटुंबाच्या घरी संध्याकाळी दिवे नेहमीपेक्षा अधिक प्रखर दिसू लागले, पंख्याचा वेग रेग्युलेटरला हात न लावता वाढला आणि फ्रिजच्या स्टॅबिलायझरमधील रिले सारखा टक-टक वाजू लागला. थोड्याच वेळात दोन एलईडी दिवे आणि वायफाय राउटरचा ॲडॉप्टर निकामी झाले. त्याच वेळी वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांची तक्रार नेमकी उलट होती: त्यांच्याकडे पंखा संथ फिरत होता आणि मिक्सर पुरेशी गती घेत नव्हता. वरच्या घरात गिझर चालू झाला की खालच्या घरातील दिवे आणखी उजळत, ही गोष्ट घरातील आजींनी प्रथम टिपली. मी विद्युत पर्यवेक्षक म्हणून काम करतो आणि या प्रकरणातील सर्वांत मोलाचे निरीक्षण तेच मानतो. एका घरातील भार वाढल्यावर दुसऱ्या घरातील व्होल्टेज वाढत असेल, तर दोन्ही घरांमध्ये सामाईक असलेला एखादा जोड बिघडला आहे अशी शंका घ्यावी लागते.

घरमालकांनी प्रथम टेस्टर घेतला. थ्री-पिन सॉकेटच्या उजव्या भोकात तो नेहमीप्रमाणे लख्ख पेटला आणि डाव्या, म्हणजे न्यूट्रलच्या, भोकातही मंद पेटला. 'दोन्हीकडे फेज आला' असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि आपल्याकडील बहुतेक घरांत तोच काढला जातो. टेस्टरमधील निऑन दिवा पेटण्यासाठी केवळ साठ-सत्तर व्होल्टच्या आसपासचा दाब पुरतो. त्यामुळे तेथे ७० व्होल्ट आहेत की २३०, हे त्याच्या उजेडावरून खात्रीने सांगता येत नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून तार सुरक्षित आहे असेही म्हणता येत नाही, कारण पायाखाली चांगला कोरडा लाकडी पाट किंवा रबर असेल तर तो जिवंत तारेवरही अंधूकच पेटतो. टेस्टर शंका निर्माण करू शकतो, तिचे निरसन मात्र तो करू शकत नाही.

त्यानंतर घरातील पिवळा मल्टिमीटर बाहेर काढण्यात आला. पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, आणि इतरत्रही सहज मिळणारा, नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा हा मीटर पुष्कळ घरांत असतो आणि रिमोटचे सेल किंवा दुचाकीची बॅटरी तपासण्यासाठी तो उत्तम कामाला येतो. घरमालकांनी त्याची कळ एसी व्होल्टच्या '२००' या खुणेवर ठेवली, दोन्ही टोके सॉकेटमध्ये घातली आणि पडद्यावर डाव्या बाजूला केवळ '१' हा आकडा आला. मोजायचा दाब निवडलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. घरगुती पुरवठ्यासाठी अशा मीटरवर ७५० किंवा ६०० ही वरची खूण निवडावी लागते. त्यांना मात्र मीटर बिघडला असे वाटले आणि त्यांनी लाल वायर काढून वरच्या, '१० ए' लिहिलेल्या भोकात घालून पाहण्याचे ठरवले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने त्यांना तेथे अडवले. "बाबा, थांबा. त्या भोकाखाली काय लिहिलंय ते आधी वाचा," असे म्हणून तिने मीटर हातातून काढून घेतला आणि मला फोन लावला.

त्या मुलीने नेमके काय टाळले हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मल्टिमीटरच्या गंभीर अपघातांचा हा एक ठरलेला मार्ग आहे. '१० ए' हे भोक प्रवाह मोजण्यासाठी असते आणि त्याच्या व काळ्या वायरच्या 'कॉम' या भोकाच्या मध्ये आत केवळ जाड तारेचा एक तुकडा असतो, ज्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. या प्रकारच्या मीटरमध्ये हा मार्ग कळीतून जात नाही. कळ व्होल्टवर असली तरी लाल वायर त्या भोकात असेल, तर सॉकेटमधील फेज आणि न्यूट्रल थेट जोडले जातात. तेव्हा वाहणारा प्रवाह केवळ घरातील तारांच्या रोधाने आणि वरच्या पुरवठ्याने मर्यादित होतो आणि तो सहज काहीशे अँपिअर होऊ शकतो. एमसीबी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात पडते, परंतु तेवढ्यात टोकाचा धातू वितळून ठिणगी हात-चेहऱ्यापर्यंत येण्याची शक्यता असते. त्या पिवळ्या मीटरच्या '१० ए' भोकाखाली 'फ्यूज नाही' अशी इंग्रजी सूचना बारीक अक्षरांत छापलेलीच होती. दुसऱ्या भोकाच्या मार्गात काचेचा २५० व्होल्टचा छोटा फ्यूज होता, पण मोठ्या दोषप्रवाहात अशी काचेची नळी ठिणगी विझवू न शकता फुटू शकते. चांगल्या मीटरमध्ये वाळूने भरलेला सिरॅमिकचा उच्चक्षमता फ्यूज असतो तो याचसाठी.

फोनवर मी त्यांना मोजणी करण्यास सांगितले नाही. मुख्य एमसीबी बंद करणे, सर्व प्लग काढून ठेवणे, कोणत्याही उपकरणाच्या धातूच्या भागाला हात न लावणे आणि त्याच रांगेतील, म्हणजे त्याच फेजवरील, वरखालच्या घरांनाही लगेच हेच सांगणे, एवढ्याच सूचना दिल्या. शेवटची सूचना सर्वांत तातडीची होती, कारण त्या घरांत वाढीव व्होल्टेज येत असणार आणि त्यांना त्याची कल्पना नसणार.

त्यांच्या घरी जाताना मी माझा मीटर बरोबर घेतला. त्यावर 'कॅट-३, ६०० व्होल्ट' असे नोंदलेले आहे. हे नोंदले जाते ते का, हे घरमालकांनी विचारले. नेहमीच्या २३० व्होल्टसाठी पिवळ्या मीटरवरील ६०० किंवा ७५० हा आकडा पुरेसा वाटतो, परंतु वीजवाहिन्यांवर वीज पडल्याने किंवा जवळच्या मोठ्या यंत्राच्या चालू-बंद होण्याने क्षणभर काही हजार व्होल्टचे झटके येतात. मीटर आतून फुटणार नाही याची हमी त्या झटक्यांसाठी हवी असते. कॅट-२ ही श्रेणी सॉकेटला जोडलेल्या उपकरणांसाठी, कॅट-३ इमारतीच्या स्थिर वायरिंग व वितरण बोर्डासाठी आणि कॅट-४ पुरवठ्याच्या मुळासाठी, म्हणजे वीजमीटर व त्याच्या आधीच्या भागासाठी असते. ६०० व्होल्टच्या मीटरची झटक्याची चाचणी या तीन श्रेणींत अनुक्रमे ४०००, ६००० आणि ८००० व्होल्टला होते. त्याशिवाय कॅट-३च्या चाचणीत झटक्यामागील स्रोताचा रोध कॅट-२पेक्षा सहापट कमी धरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्ष ऊर्जेतील फरक आकड्यांत दिसतो त्याहून बराच मोठा आहे. घरातील पिवळ्या मीटरवर श्रेणीचा उल्लेखच नव्हता आणि त्याच्या एका वायरचे आवरण मुठीजवळ चिरलेले होते. हे दुसरे कारण एकटेच तो बाजूला ठेवण्यास पुरेसे होते.

मोजणीसाठी स्वयंपाकघरातील ओट्यापासून दूर असलेले, बैठकीच्या खोलीतील सहा अँपिअरचे सॉकेट निवडले. फरशी पुसून कोरडी केली, रबरी चटई घातली, हातातील घड्याळ व अंगठी काढली. घरातील स्त्रियांनी अशा वेळी धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात आणि मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्यावे, हे मी आवर्जून सांगतो, कारण वाकून पाहताना ते बोर्डाला लागते. मीटरची दोन टोके एकमेकांना लावून वायरींचा रोध पाहिला. तो अर्ध्या ओहमपेक्षा कमी आला, म्हणजे वायर आतून तुटलेली नव्हती. सेल उतरल्याची खूण पडद्यावर नव्हती. सेल उतरलेला मीटर चुकीचे आकडे दाखवू शकतो आणि ते खरे वाटतात, म्हणून ही खूण पाहणे टाळू नये. त्यानंतर मीटर खात्रीच्या जिवंत स्रोतावर तपासायचा होता. या इमारतीतील पुरवठाच संशयास्पद असल्याने शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमधील सॉकेटवर तो तपासला आणि तेथे २३५ व्होल्ट मिळाले. हा आकडा २३० या ठरलेल्या व्होल्टेजच्या दहा टक्के वरखाली, म्हणजे २०७ ते २५३ या पट्ट्यात, व्यवस्थित बसत होता. 'येथे वीज नाही' हे मीटरचे म्हणणे विश्वासार्ह ठरण्यासाठी त्याच्या आधी आणि नंतरही तोच मीटर जिवंत स्रोतावर बोलता झालेला असावा लागतो. कामाच्या घाईत नंतरची तपासणी सर्वाधिक गाळली जाते.

पहिली मोजणी मुख्य एमसीबी बंद असतानाच केली. काळे टोक अर्थच्या मोठ्या भोकात आधी घट्ट बसवले आणि मग लाल टोक एकाच हाताने एकेका भोकात लावले, दुसरा हात पाठीमागे ठेवला. फेजच्या भोकात अर्थच्या तुलनेत काही थोडे व्होल्ट दिसले आणि मीटरमधील कमी-रोधाची सोय (जिच्यात मीटर थोडा अधिक प्रवाह ओढतो) वापरताच ते शून्यावर आले. शेजारून जाणाऱ्या तारांच्या प्रभावाने अशा पुरवठ्यापासून तोडलेल्या, लटकत्या तारेवर दिसणारा हा भासमान दाब असतो. डिजिटल मीटरचा आतला रोध सुमारे एक कोटी ओहम असल्याने तो एवढ्यालाही प्रतिसाद देतो. न्यूट्रलच्या भोकात मात्र अर्थच्या तुलनेत ६८ व्होल्ट आले आणि कमी-रोधाच्या सोयीवरही ते टिकून राहिले.

हा आकडा पाहून घरमालक दचकले, कारण त्यांच्या मते मेन बंद होता. त्यांची मुख्य एमसीबी एका खांबाची होती. नूतनीकरणात जुना लोखंडी डीपी (फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा) मेन स्विच काढून केवळ फेज तोडणारी एमसीबी बसवली गेली होती आणि न्यूट्रल सरळ आत आला होता. एरवी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एखाद-दुसरा किंवा फार तर चार-पाच व्होल्ट असतात, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. त्या संध्याकाळी मात्र मेन बंद असूनही घरातील प्रत्येक सॉकेटचा न्यूट्रल ६८ व्होल्टवर होता. आपल्याकडे काळ्या तारेला बिनदिक्कत हात लावण्याची जी सवय आहे, ती अशाच दिवशी जिवावर बेतते.

आता एमसीबी चालू करून उरलेले दोन आकडे घ्यायचे होते. सर्व प्लग काढलेले आणि सर्व दिवे-पंखे बंद होते, म्हणजे घरात भार शून्य होता. फेज आणि अर्थ यांच्यात २३५ व्होल्ट आले आणि ते स्थिर होते. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २९६ आले आणि ते सतत काही व्होल्टने हलत होते. सॉकेटमधील पत्रा सैल असल्यास टोक नीट न टेकल्यानेही आकडा हलतो, म्हणून दुसऱ्या खोलीतील सॉकेटवर तीच मोजणी केली आणि तेथेही तसेच घडले. मीटर पुन्हा शेजारच्या सोसायटीत नेऊन तपासला, तेथे आकडा पूर्वीचाच आला.

६८, २३५ आणि २९६ हे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत असे मुलीला वाटले. "काका, २३५ आणि ६८ मिळून ३०३ व्हायला हवेत ना?" असे तिने विचारले. साध्या बेरजेने ते तसेच व्हावेत, परंतु हे दाब एकाच दिशेचे नाहीत. न्यूट्रल सुटला की तीन फेजवरील घरांचे भार मिळून न्यूट्रलचा एक नवा, तरंगता बिंदू ठरवतात आणि तो अधिक भाराच्या फेजकडे सरकतो. आर, वाय आणि बी फेजवरील भार एकास दोनास तीन या प्रमाणात आहेत असे धरून तिने वहीत सदिशांची बेरीज केली, तेव्हा न्यूट्रल ६८ व्होल्टने सरकतो आणि तीन फेजवरील घरांना सुमारे २९६, २४५ आणि १८० व्होल्ट मिळतात असे उत्तर आले. प्रत्यक्ष भारांचे प्रमाण आमच्या हाती नव्हते आणि हे धरलेले प्रमाण म्हणजे एक शक्य उत्तर होते, पण सर्वांत कमी भार असलेल्या फेजवरील घरांना सर्वांत जास्त व्होल्टेज का मिळते, हे त्यातून लख्ख दिसले. वरच्या घरातील दोन किलोवॉटचा गिझर बी फेजवर असेल, तर त्याने न्यूट्रल आणखी ओढला जाणार आणि खालचे दिवे आणखी उजळणार, ही आजींची तक्रारही त्याच हिशेबात बसली. एलईडी दिवे का गेले तेही यातूनच कळते: २९६ व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) दाबाचे शिखर सुमारे ४१९ व्होल्टला जाते आणि अशा दिव्यांत व ॲडॉप्टरमध्ये आत येणारा संधारित्र (कपॅसिटर) बहुधा ४०० व्होल्टचा असतो.

दोष घराबाहेर आहे हे सिद्ध करणारा मुद्दा या मोजणीत वेगळा आहे आणि तो सहज निसटतो. घरात भार शून्य असताना घराच्या स्वतःच्या न्यूट्रलमधून प्रवाहच वाहत नाही. आतील एखादा जोड सैल असता, तरी प्रवाहाविना त्याच्यावर दाब पडला नसता आणि न्यूट्रल अर्थच्या जवळच राहिला असता. भार नसूनही ६८ व्होल्ट दिसत होते, म्हणून न्यूट्रलला सरकवणारा प्रवाह इतर घरांचा होता आणि बिघडलेला जोड सर्वांना सामाईक असलेल्या भागात होता. प्लग काढून ठेवण्याची सूचना उपकरणे वाचवण्यासाठी दिली होती, पण निदानही तिच्यामुळेच शक्य झाले.

येथे आणखी एक मर्यादा नोंदवतो. फेज-अर्थमध्ये २३५ व्होल्ट स्थिर दिसले म्हणून अर्थिंग उत्तम आहे असे ठरत नाही. मीटर जेमतेम तेवीस मायक्रोअँपिअर ओढतो आणि एवढा प्रवाह खराब अर्थिंगमधूनही जातो. काही वायरमन यासाठी फेज-अर्थमध्ये बल्ब लावून पाहतात. चाळीस वॉटचा बल्ब सुमारे १७० मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडतो. घरात तीस मिलिअँपिअरचे, गळतीवर पुरवठा तोडणारे आरसीसीबी असेल तर ते पडते, आणि ते नसून अर्थिंगही तुटलेले असेल तर त्या तारेला जोडलेल्या फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्यावर दाब चढतो. बल्बची ही पद्धत घरात कोणीही वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थच्या खड्ड्याची तपासणी अर्थ टेस्टरने, वेगळ्या दिवशी, सोसायटीच्या परवानाधारक ठेकेदाराने केली.

मीटर रूममध्ये जाऊन न्यूट्रलची पट्टी लगेच मोजून पाहू, असा आग्रह सोसायटीच्या सचिवांनी धरला. मी तो मान्य केला नाही. तेथील दोषप्रवाह घरातील सॉकेटच्या कित्येक पट असतो, जुन्या किटकॅट फ्यूजच्या आधीच्या भागाला वीज कंपनीच्या फ्यूजपर्यंत कोणतेच संरक्षण नसते आणि माझा मीटर कॅट-३ श्रेणीचा होता, कॅट-४चा नव्हता. शिवाय सैल न्यूट्रलला हात लावताना तो पूर्ण सुटला, तर वरच्या घरांतील उरलेली उपकरणेही एका क्षणात जातात. वीज तक्रारींच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, ठेकेदाराला बोलावले आणि तोपर्यंत सर्व सदनिकांचे मेन बंद ठेवण्यास सांगितले.

पुरवठा वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी तोडल्यावर मीटर रूममधील सोसायटीच्या बाजूची पेटी उघडण्यात आली. न्यूट्रलच्या तांब्याच्या पट्टीवर बसवलेला ॲल्युमिनियमच्या केबलचा लग (केबलच्या टोकाला बसवलेला, बोल्टने जोडायचा धातूचा तुकडा) काळा पडला होता आणि बोल्ट हाताने फिरत होता. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि तो वीज अडवतो, तांब्याशी थेट संपर्कात ओल मिळाली की तो जोड गंजतो, आणि भार वाढता-घटता राहिल्याने धातू तापून-थंडावून बोल्टची पकड थोडी-थोडी सैल होते. जोड तापला की ऑक्साइड वाढतो आणि ऑक्साइड वाढला की जोड अधिक तापतो. पावसाळ्याच्या ओलीने हे चक्र पूर्णत्वाला नेले. केबलचा जळका भाग कापून तेथे तांबे-ॲल्युमिनियमचा द्विधातू लग दाबयंत्राने बसवला आणि बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळला.

पुरवठा सुरू झाल्यावर प्रथम सर्व घरांचे मेन बंद असताना त्याच सॉकेटवर मोजले, तेव्हा न्यूट्रल-अर्थमध्ये एक व्होल्टही नव्हता. नंतर एकेक घर चालू केले. सगळे भार आल्यावर न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट, फेज-अर्थ २३५ आणि फेज-न्यूट्रल २३४ असे आकडे मिळाले. वरच्या घरातील गिझर मुद्दाम चालू करून पाहिला, तेव्हा खालच्या घरात फेज-न्यूट्रलमध्ये केवळ दोन-तीन व्होल्टचा फरक पडला.

त्यानंतर घरमालकांनी एका खांबाची एमसीबी काढून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारी दोन खांबांची एमसीबी आणि तिच्याबरोबर जास्त-कमी व्होल्टेजला पुरवठा तोडणारे साधन बसवून घेतले. आरसीसीबी आधीपासून होते, पण ते गळतीवर काम करते. फेज-न्यूट्रलमध्ये वाढलेल्या व्होल्टेजची त्याला जाणीवच नसते. सोसायटीने मीटर रूममधील उरलेले सर्व न्यूट्रल लग तपासून घेतले, तेव्हा आणखी एक लग रंग बदललेला आढळला आणि तोही बदलण्यात आला. चिरलेल्या वायरीचा पिवळा मीटर मुलीने नव्या वायरी लावून सेल व बॅटरीपुरता ठेवला असून त्याच्या '१० ए' भोकावर तिने चिकटपट्टी लावली आहे.